बॉलरूम आणि व्होगवर डिझाइन प्रोजेक्ट करताय? संशोधनाचा क्रम असा ठेवा

बॉल म्हणजे न्यूयॉर्कच्या काळ्या आणि लॅटिनो क्विअर समाजात घडलेली, वेगवेगळ्या कॅटेगऱ्यांतली स्पर्धा, व्होग हे तिथलंच नृत्य, आणि या सगळ्या जगाला बॉलरूम म्हणतात. ड्रॅग बॉल आणि व्होग नृत्यावरचे डिझाइन प्रोजेक्ट बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. पहिल्या दिवशी पिंटरेस्टवरून दीडदोनशे फोटो गोळा होतात, त्यांचा मूडबोर्ड बनतो, त्यावरून रंग आणि अक्षरं ठरतात. मग ज्युरीत कुणीतरी एका फोटोवर बोट ठेवून विचारतं, 'ही व्यक्ती कोण? कोणत्या कॅटेगरीत उतरली आहे? साल कोणतं?' आणि उत्तर नसतं. बोर्डावर टीव्हीवरच्या ड्रॅग शोची दृश्यं, न्यूयॉर्कच्या बॉलचे फोटो, पॉप गाण्याच्या व्हिडिओतल्या चौकटी आणि फॅशन मासिकाची मुखपृष्ठं शेजारी शेजारी लागलेली असतात. या चार गोष्टी एकमेकींपासून खूप लांबच्या आहेत.

क्रम उलटा करा. आधी बॉलची रचना समजून घ्या, मग हालचाल, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी चित्रं. खालचा आराखडा सहा आठवड्यांच्या प्रोजेक्टसाठी आहे. तुमच्याकडे तीनच आठवडे असतील तर प्रश्न आणखी लहान करा, पण टप्पे गाळू नका.

## टप्पा 1: सुरुवातीची तयारी

एकच प्रश्न लिहा. 'व्होगपासून प्रेरित कलेक्शन' हा प्रश्न नाही. 'व्होग फेममधल्या डिपसाठी कपड्याची पाठ कशी शिवावी?' हा प्रश्न आहे. (व्होग फेम हा व्होगचा एक प्रकार, आणि डिप म्हणजे त्यात पाठ जमिनीला टेकेपर्यंत खाली जाणं.) 'बॉलच्या फ्लायरवर कॅटेगऱ्यांची यादी अक्षररचनेतून कशी मांडतात?' हाही प्रश्न आहे. एक शहर, एक दशक आणि एक किंवा दोन कॅटेगऱ्या एवढीच हद्द आखा.

तक्ता उघडा. कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दहा रकाने करा: क्रमांक, बॉलचं नाव, शहर, वर्ष, कॅटेगरी, व्यक्तीचं बॉलमधलं नाव, हाऊस (स्पर्धकांनी एकमेकांसाठी उभं केलेलं कुटुंब, ज्याच्या नावाने ते उतरतात), छायाचित्रकार किंवा चित्रीकरण करणारी व्यक्ती, प्रतिमेचं मूळ ठिकाण, परवानगीची स्थिती. पहिला फोटो जतन करण्याआधी हा तक्ता तयार हवा. 'माहिती नंतर भरू' म्हणून ठेवलेले फोटो कायम रिकाम्या रकान्यांसह पडून राहतात, कारण महिन्याभराने तो फोटो कुठून घेतला हे आठवत नाही.

मुलाखतीच्या विनंत्या पहिल्याच आठवड्यात पाठवा. प्रत्यक्ष बोलणं चौथ्या आठवड्यात होणार असलं तरी पत्र आत्ताच जायला हवं. उत्तर यायला दोनतीन आठवडे सहज जातात. सगळं वाचून झाल्यावर पत्र लिहायला घेतलं की उत्तर सबमिशननंतर येतं.

पैसे बाजूला ठेवा. मुलाखतीचं मानधन, कार्यशाळेची फी, चित्रपटाचं अधिकृत भाडं. छपाईचं बजेट करता तसंच हेही पहिल्या दिवशी करा.

> तपासणी: तुमचा प्रश्न एका वाक्यात मावतो का? त्यात 'प्रेरित' हा शब्द असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा 2: एकाच नावाच्या वेगळ्या गोष्टी सोडवा

नुसतं 'बॉलरूम' शोधलंत तर वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट नाचणारी जोडपी येतात. नुसतं 'व्होग' शोधलंत तर मासिक येतं. शोध रोमन लिपीत टाइप करा आणि शब्द जोडून वापरा: 'हाऊस बॉलरूम', 'बॉलरूम सीन', 'व्होग फेम', 'ओल्ड वे', 'न्यू वे'. 'फेम'ची स्पेलिंग समाजात दोन प्रकारे लिहिली जाते, एक 'एम' आणि दोन 'एम'. दोन्ही टाकून पाहा. कॅटेगरीचं नाव, हाऊसचं नाव आणि वर्ष अशी तीन शब्दांची जोडी सर्वांत चांगली फळं देते, कारण जुन्या चित्रफिती अपलोड करणारे लोक बहुधा याच क्रमाने शीर्षक देतात.

ड्रॅग आणि बॉल यांतला फरक इथेच पक्का करा. क्लबमधला ड्रॅग शो हा प्रयोग असतो: कलाकार गाण्यावर ओठ हलवतो, विनोद करतो, प्रेक्षक टिप देतात. बॉल ही स्पर्धा असते. तिथे परीक्षक असतात, कॅटेगऱ्या असतात, बाद होणं असतं, ट्रॉफी किंवा रोख बक्षीस असतं. बॉलमध्ये उतरणारे सगळे ड्रॅगमध्ये नसतात. अनेक जण रोजच्या पुरुषी कपड्यांत उतरतात. आणि फेम क्वीन म्हणून उतरणाऱ्या ट्रान्स स्त्रिया ड्रॅगमध्ये नसतातच, त्या स्वतः स्त्रिया आहेत. त्यांच्या फोटोखाली 'ड्रॅग क्वीन' लिहिणं ही या विषयातली सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत जास्त दुखावणारी चूक आहे.

## टप्पा 3: फोटोचा काळ ओळखण्यापुरता कालक्रम

संपूर्ण इतिहास पाठ करायची गरज नाही. प्रतिमा चुकीच्या दशकात जाऊ नये एवढं पुरे.

हार्लेममध्ये हॅमिल्टन लॉजचे वार्षिक बॉल 1869 पासून होत होते आणि 1920-30 च्या दशकांत ते प्रचंड गर्दीचे झाले. तेव्हा आजच्या अर्थाने हाऊस नव्हती. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या एका ड्रॅग सौंदर्यस्पर्धेत क्रिस्टल लाबेजा यांनी निकालातल्या वर्णभेदाविरुद्ध उघड आवाज उठवला. त्या प्रसंगाचं चित्रीकरण 1968 च्या माहितीपटात आहे. पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला हाऊस ऑफ लाबेजा उभं राहिलं. हाऊस ऑफ एक्स्ट्राव्हगान्झा आणि हाऊस ऑफ निन्जा ही दोन्ही 1982 ची. व्होग फेम हा प्रकार 1990 च्या दशकाच्या मध्यावर स्वतंत्र कॅटेगरी म्हणून घट्ट झाला. तरुण मुलांसाठीचा किकी सीन 2000 नंतरचा. तो न्यूयॉर्कमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या संस्थांच्या आधाराने वाढला.

यातून काही साधे नियम निघतात. 1930 च्या फोटोखाली 'हाऊस' लिहू नका. 1985 च्या चित्रफितीला व्होग फेमची पाच अंगं लावू नका. मॅडोनाचं 1990 चं गाणं हे उगमस्थान म्हणून दाखवू नका. त्या व्हिडिओत नाचणारे होझे आणि लुइस हे हाऊस ऑफ एक्स्ट्राव्हगान्झाचे होते, म्हणजे गाणं येण्याआधी नृत्य पूर्ण घडलेलं होतं.

## टप्पा 4: कॅटेगरी वाचायला शिका

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, किमान एक पूर्ण आठवडा. बॉलचं एकक पोशाख नाही आणि कलाकारही नाही. एकक आहे कॅटेगरी. तीच ठरवते की कोण उतरणार, काय घालून उतरणार आणि परीक्षक नेमकं काय बघणार.

बॉलच्या जाहिरातीत कॅटेगऱ्यांची यादी असते. प्रत्येक नोंदीत साधारणपणे चार गोष्टी सापडतात: कोणासाठी, कोणती कॅटेगरी, त्या रात्रीची खास अट, आणि बक्षीस. खास अटीला तिथे 'इफेक्ट' म्हणतात. समजा रनवेसाठी अट आहे की पूर्ण पोशाख एकाच धातूच्या रंगाचा हवा. मग कितीही सुंदर चाललात तरी पायात पांढरे बूट असतील तर बाद. डिझाइनरच्या भाषेत सांगायचं तर ही नोंद म्हणजे तयार ब्रीफ आहे. दहा जुने फ्लायर घ्या, त्यांतल्या प्रत्येक नोंदीचे हे चार भाग चार रंगांनी रंगवा. बॉलची व्याकरणपद्धती हातात येते, आणि अक्षररचनेवर काम करणाऱ्यांना माहितीची उतरंडही इथेच मिळते.

'कोणासाठी' हा भाग नीट समजून घ्या. मार्लन बेली यांनी डेट्रॉइटच्या बॉलरूमवरच्या अभ्यासात लिंगभावाची सहा प्रकारची रचना मांडली आहे. बुच क्वीन म्हणजे समलैंगिक किंवा उभयलैंगिक पुरुष. फेम क्वीन म्हणजे ट्रान्स स्त्री. बुच क्वीन अप इन ड्रॅग म्हणजे स्पर्धेपुरते स्त्रीवेशात उतरणारे, रोजच्या आयुष्यात पुरुष म्हणून जगणारे. बुच म्हणजे ट्रान्स पुरुष किंवा पुरुषी वळणाच्या स्त्रिया. शिवाय स्त्रिया, आणि पुरुष. तुमच्या तक्त्यातल्या कॅटेगरीच्या रकान्यात हा शब्द कॅटेगरीच्या नावाआधी यायलाच हवा. नुसतं 'रनवे' ही नोंद अर्धीच आहे.

आता कॅटेगऱ्या. सगळ्या शिकायची गरज नाही, पण या कुटुंबांतला फरक कळला पाहिजे:

1. फेस. चेहऱ्याची ठेवण, त्वचा, दात. परीक्षक जवळून पाहतात, म्हणून स्पर्धक चेहरा हातांनी चौकटीत धरतो, केस मागे सारतो. मेकअपचं अवडंबर इथे उलट नडतं.
2. रनवे. चाल. युरोपियन आणि ऑल अमेरिकन हे दोन वेगळे ढंग आहेत. पहिला नजाकतीचा, दुसरा ताठ आणि पुरुषी.
3. रिअलनेस. दिलेल्या भूमिकेत इतकं बेमालूम मिसळणं की रस्त्यावर कुणाला शंका येऊ नये. ऑफिसातला अधिकारी, शाळकरी मुलगा, सैनिक. हा वेशभूषेचा खेळ नव्हे. ओळखलं जाणं म्हणजे मार खाणं किंवा नोकरी जाणं अशा शहरातून ही कॅटेगरी आली. तिच्यावर विनोदी पोस्टर करू नका.
4. बिझार. शरीराचा मूळ आकारच बदलून टाकणारी, घडवलेली वेशभूषा. वस्त्र आणि वस्तू डिझाइनवाल्यांना सर्वांत जास्त साहित्य इथे मिळतं आणि बहुतेक जण नेमकी हीच पाहत नाहीत.
5. परफॉर्मन्स. म्हणजे व्होग. पुढचा टप्पा पूर्ण यावरच आहे.

निकालाची पद्धतही टिपून ठेवा, कारण तिच्यातून मंचाची आखणी कळते. स्पर्धक एकेक करून परीक्षकांच्या टेबलासमोर येतो. सगळे परीक्षक 'दहा' देतात किंवा कुणीतरी 'चॉप' करतं. चॉप म्हणजे बाद. दहा मिळालेले पुढे जोडीजोडीने भिडतात आणि शेवटी एक उरतो. हे सगळं कॉमेंटेटरच्या आवाजावर चालतं. तो केवळ निवेदक नाही. ताल धरतो, नावं घेतो, नाचणाऱ्याला वर चढवतो. बॉलची मंचरचना करताना कॉमेंटेटरची जागा विसरलात तर रचना खोटी पडते.

> सावधान: 'मदर', 'फादर' (हाऊसचे प्रमुख), 'लेजंड', 'आयकॉन' या पदव्या मिळवाव्या लागतात. एखादी व्यक्ती प्रसिद्ध आहे म्हणून तिला परस्पर 'आयकॉन' लिहू नका. कोणत्याही हाऊसमध्ये नसलेल्या स्पर्धकाला '007' म्हणतात. फोटोत कुणाच्या नावापुढे हा आकडा दिसला तर तो हाऊसच्या रकान्यात लिहा, रकाना रिकामा सोडू नका.

## टप्पा 5: हालचाल तीन फेऱ्यांत पाहा

एकच चित्रफीत तीनदा पाहायची. वीस चित्रफिती एकेकदा पाहण्यापेक्षा पाच चित्रफिती तीनतीनदा पाहिल्याने जास्त हाती लागतं.

पहिली फेरी, आवाज बंद. आधी प्रकार ओळखा. ओल्ड वेमध्ये रेषा आणि सममिती असते. ठाम पोझ, एकीतून दुसरीत नेमका प्रवास, मासिकातल्या मॉडेलची आणि इजिप्तच्या भित्तिचित्रांची आठवण देणारे कोन. न्यू वेमध्ये सांधे वळवून केलेले 'क्लिक' आणि हातामनगटांचे भासमय आकार येतात, ज्यांना आर्म कंट्रोल म्हणतात. व्होग फेमची पाच अंगं आहेत: कॅटवॉक, डकवॉक, हँड परफॉर्मन्स, फ्लोअर परफॉर्मन्स, आणि स्पिन व डिप. ही पाच नावं कागदावर लिहा आणि चित्रफितीत प्रत्येक अंग किती सेकंदाला सुरू होतं ते टिपा.

दुसरी फेरी, डोळे मिटून. फक्त संगीत. 1991 चा मास्टर्स अ‍ॅट वर्कचा 'द हा डान्स' हा ट्रॅक व्होग फेमच्या संगीताचा कणा आहे. त्यातला तो फुटणारा आघात दर चौथ्या ठोक्यावर येतो आणि आजचे निर्माते त्याच आघातावर नवे ट्रॅक बांधतात. टाळी वाजवून मोजा: एक, दोन, तीन, आघात. तो कानात बसेपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरी फेरी, पाव गतीने. आता दिसेल की डिप आघातावर 'सुरू' होत नाही, तो आघातावर 'टेकतो'. खाली जाणं आधीच सुरू झालेलं असतं. मोशन ग्राफिक करणारे बहुतेक इथे चुकतात: ते आघातावर हालचाल सुरू करतात आणि सगळं अर्धा ठोका उशिरा वाटतं.

हिशेब असा मांडा. ट्रॅकचा वेग मिनिटाला 130 ठोके धरला तर एक ठोका 0.46 सेकंदाचा, चार ठोके 1.85 सेकंदांचे. सेकंदाला 24 चौकटींच्या टाइमलाइनवर एक ठोका साधारण 11 चौकटींचा आणि आघात ते आघात अंतर 44 चौकटींचं. शेवटची पोझ आघाताच्या चौकटीवर ठेवा आणि तिथून मागे मोजत हालचाल बसवा. तुमच्या ट्रॅकचा वेग वेगळा असेल तर 60 भागिले वेग, गुणिले 24, एवढं गणित पुन्हा करा. उत्तर पूर्णांकात येत नाही, म्हणून प्रत्येक आघाताची जागा सुरुवातीपासून मोजा. 44-44 मिळवत गेलात तर मिनिटाभरात दहाएक चौकटींचा फरक पडतो.

'डेथ ड्रॉप' हा शब्द बॉलरूमचा नाही, तो टीव्हीने पसरवला. मूळ शब्द 'डिप'. पॅनेलवर 'डेथ ड्रॉप' छापलंत तर जाणकार पुढचं वाचणारच नाहीत.

> सावधान: शूटसाठी मित्राला डिप किंवा डकवॉक करायला लावू नका. डिपमध्ये एक पाय शरीराखाली दुमडलेला असतो, वजन आधी त्या पायावर आणि हातावर येतं आणि पाठ सावकाश टेकते. न शिकता केलं की गुडघा, माकडहाड किंवा डोक्याची मागची बाजू आपटते. डकवॉक हा चवड्यांवर उकिडवं बसून केलेला प्रवास आहे, त्यात गुडघ्यांवर सतत भार असतो. शिकलेला नर्तक घ्या आणि त्याला मानधन द्या.

## टप्पा 6: चित्रपट आणि संग्रह

1990 चा 'पॅरिस इज बर्निंग' हा माहितीपट पाहावाच लागतो, पण तो एकमेव स्रोत करू नका. चित्रीकरण 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातलं आहे. म्हणजे त्यातली कॅटेगरी किंवा शब्द 'आज असं असतं' म्हणून वापरता येत नाही. पाहताना हातात वेळेची नोंदवही ठेवा: मिनिट, बोलणारी व्यक्ती, कॅटेगरी. डोरियन कोरी, पेपर लाबेजा, विली निन्जा यांच्या मुलाखती शब्दार्थासाठी अमूल्य आहेत. रीडिंग (समोरच्याची उणीव बोलून दाखवणं) आणि शेड (तीच न बोलता सुचवणं) यांतला फरक तिथे डोरियन कोरी स्वतः समजावून सांगतात. हे शब्द टी-शर्टवर घ्यायचे असतील तर आधी हा भाग ऐका.

या चित्रपटाचा आर्थिक भागही वाचा. प्रदर्शनानंतर त्यातल्या अनेकांनी मोबदला मागितला आणि शेवटी सुमारे 55,000 डॉलर 13 जणांत पडद्यावरच्या वेळेनुसार वाटले गेले. करारावर सह्या आधीच झालेल्या होत्या. सही घेतली म्हणजे जबाबदारी संपली, असं या विषयात धरून चालता येत नाही.

कागदपत्रं आणि फोटोंसाठी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची दोन केंद्रं उपयोगी आहेत: हार्लेममधलं शॉम्बर्ग सेंटर आणि लिंकन सेंटरमधलं परफॉर्मिंग आर्ट्सचं ग्रंथालय. तिथे जाणं शक्य नसेल तर ऑनलाइन सूची पाहा आणि संदर्भ विभागाला ईमेल करा. ईमेलमध्ये 'बॉलरूमवर काय आहे?' असं विचारू नका. 'अमुक वर्षांच्या दरम्यानचे बॉलचे छापील फ्लायर तुमच्या कोणत्या संग्रहात आहेत?' असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत शिकणारं ओळखीचं कुणी असेल तर त्यांना पाठवण्याआधी पेटी किंवा फोल्डरचा क्रमांक मिळवून द्या, नाहीतर त्यांचा दिवस सूची चाळण्यात जातो.

> तपासणी: या टप्प्याच्या शेवटी तक्त्यात 60 च्या वर नोंदी नकोत. ज्या नोंदीत वर्ष, शहर आणि कॅटेगरी या तिन्हींपैकी दोन रकाने रिकामे आहेत, ती काढून टाका. फोटो कितीही देखणा असो.

## टप्पा 7: माणसांशी बोलणं

पत्र छोटं ठेवा: तुम्ही कोण, प्रश्न काय, किती वेळ लागेल, मानधन किती, साहित्य कुठे दाखवलं जाईल. पाच वाक्यं पुरतात. 'तुमच्या संस्कृतीने मी भारावून गेले आहे' या वाक्याने सुरुवात करू नका. त्या माणसाला अशी पत्रं दर आठवड्याला येतात.

वेळ ठरवताना न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास आहे हे लक्षात ठेवा. बॉल रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, म्हणून रविवार सकाळची वेळ मागू नका.

40 मिनिटांत सहा प्रश्नांपेक्षा जास्त होत नाहीत. कामाचे प्रश्न विचारा: हा पोशाख किती दिवसांत झाला? नाचताना तो कुठे फाटतो? परीक्षकांना तीन मीटरवरून काय दिसतं? केस कसे पक्के करता? जन्मनाव, शस्त्रक्रिया, एचआयव्ही आणि घरच्यांनी स्वीकारलं का, हे चार विषय तुमच्याकडून निघता कामा नयेत. समोरच्याने काढले तरी छापण्याआधी पुन्हा विचारा.

संमतिपत्रकात तीन गोष्टी स्वतंत्र विचारा: आवाज नोंदवू का, नाव छापू का आणि कोणतं, चेहरा दाखवू का. तिन्हींची एकत्र 'हो' घेऊ नका. माघार घेण्याची शेवटची तारीख लिहा, आणि ती छपाईच्या किमान दहा दिवस आधीची ठेवा. भारतातल्या व्होग नर्तकांशी बोलत असाल तर इथे दुप्पट जपा. मुंबईत नाचणारा मुलगा गावी घरच्यांना सांगून आलेला असेलच असं नाही, आणि तुमचं प्रदर्शन इन्स्टाग्रामवर जाणार हे तुम्हालाही माहीत आहे.

## टप्पा 8: बॉल किंवा कार्यशाळेला जाणं

आधी कार्यशाळा, मग बॉल. दोन तास शरीर वापरून शिकलात की चित्रफितीत जे दिसत नव्हतं ते दिसू लागतं. बॉलला जायचं तर आयोजकांना लिहून कळवा की तुम्ही संशोधनासाठी येताय आणि कॅमेऱ्याचे नियम काय आहेत ते विचारा. रनवेच्या कडेला पाय टाकून बसू नका, डिप करणाऱ्याला ती जागा लागते. फ्लॅश बंद ठेवा. हौस म्हणून परस्पर रनवेवर उतरू नका. नवख्यांसाठी 'व्हर्जिन' कॅटेगऱ्या असतात आणि सर्वांना खुल्या कॅटेगरीपुढे 'ओटीए' लिहिलेलं असतं. उतरायचंच असेल तर त्यांत, आणि अट पूर्ण करून.

## टप्पा 9: मराठीत लिहिताना

इंग्रजी अहवालात लपून जाणारी अडचण मराठीत पहिल्याच वाक्यात समोर येते: आपल्या क्रियापदाला लिंग लागतं. 'आली' की 'आला' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. फेम क्वीनसाठी 'ती' किंवा 'त्या'. बुच क्वीनसाठी बहुधा 'तो', पण त्या व्यक्तीने स्वतःसाठी दुसरं सांगितलं असेल तर तेच. माहिती नसेल तर आदरार्थी अनेकवचन वापरा किंवा वाक्य नावाभोवती फिरवा: 'विजेतेपद अमुक यांना मिळालं.' तक्त्यात अकरावा रकाना वाढवून त्यात सर्वनाम लिहून ठेवा, म्हणजे चौथ्या पानावर 'ती' आणि सातव्या पानावर 'तो' असं होणार नाही.

'हाऊस'चं भाषांतर 'घराणं' करायचा मोह होतो. करू नका. मराठी वाचकाला त्यातून एकीकडे किराणा-ग्वाल्हेर आणि दुसरीकडे हिजडा समाजातली गुरू-चेल्यांची घराणी आठवतात. बॉलरूमचं हाऊस हार्लेमच्या काळ्या आणि लॅटिनो क्विअर तरुणांनी, घरातून बाहेर काढलं गेल्यावर, एकमेकांसाठी उभं केलेलं कुटुंब आहे. तुलना करायची असेल तर वेगळ्या परिच्छेदात, दोन्हींचे फरक सांगून करा. तसंच बालगंधर्वांचं स्त्रीपार्टी नाट्य आणि तमाशातला नाच्या यांना 'आपल्याकडचा ड्रॅग' म्हणून शेजारी लावू नका. त्या भूमिका होत्या, बाजार वेगळा होता, प्रेक्षक वेगळा होता. 'तृतीयपंथी' हा शब्दही न्यूयॉर्कच्या माणसाला चिकटवू नका. 'ट्रान्स स्त्री' किंवा 'पारलिंगी स्त्री' लिहा. कॅटेगऱ्यांची नावं भाषांतर न करता देवनागरीत द्या आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात अर्थ सांगा.

## टप्पा 10: संशोधनातून डिझाइनकडे

आता मूडबोर्ड करा. जास्तीत जास्त 20 प्रतिमा, प्रत्येकीखाली तक्त्यातला क्रमांक.

पोशाख करणाऱ्यांसाठी: डिप आणि फ्लोअर परफॉर्मन्स धरून शिवायचं तर पाठीवरची चेन काढा आणि डाव्या बाजूच्या शिलाईत लपती चेन घाला. मणक्यावर आणि खांद्याच्या पात्यांवर खडे, टिकल्या, हुक काहीही नको. न ताणणारं कापड असेल तर आसनात कळी घाला, नाहीतर डकवॉकच्या पहिल्या पावलाला शिलाई उसवते. मुंढा खोल कापू नका. खोल मुंढ्यात हात डोक्यावर नेताच सगळा पोशाख वर खेचला जातो. मुंढा बगलेच्या जवळ ठेवून तिथेही कळी घाला. हँड परफॉर्मन्ससाठी मनगटापाशी रंगाचा ठळक विरोध ठेवा, म्हणजे तळहाताची दिशा लांबून कळते. ट्रायलला मॉडेलला उभं करून पाहणं पुरेसं नाही. उकिडवं बसवा, हात वर करायला सांगा, जमिनीवर पाठीवर झोपवा. तिन्ही स्थितींत कापड कुठे खेचतं तिथे खडूने खूण करा.

ग्राफिकवाल्यांनी चेहऱ्यांचे सिल्हूट काढून वापरायचं टाळा. ओळखीच्या व्यक्तीची बाह्याकृतीही तिचीच असते. फ्लायरमधली माहितीची रचना, आघाताचा काळ, जोडीने भिडण्याचा आकृतिबंध या गोष्टी घ्या. त्यांतून स्वतःचं काही उभं राहतं.

हक्कांबाबत: भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये खासगी संशोधन, टीका आणि समीक्षा यांसाठी उचित वापराची सवलत आहे. वर्गातल्या सादरीकरणापुरती ती बहुधा पुरते. सार्वजनिक प्रदर्शन, विक्री, किंवा पोर्टफोलिओच्या संकेतस्थळावर टाकणं ही वेगळी गोष्ट. तिथे छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्या, आणि फोटोतल्या व्यक्तीलाही विचारा. छायाचित्रकाराची परवानगी म्हणजे त्या व्यक्तीची परवानगी नव्हे.

छपाईला देण्याआधी एक पूर्ण दिवस राखून ठेवा आणि सगळ्या चित्रओळी मोठ्याने वाचून घ्या: बॉलमधलं नाव, हाऊस, कॅटेगरी, शहर, वर्ष, छायाचित्रकार. सर्वनामं तक्त्याशी ताडून पाहा. मुलाखत दिलेल्या प्रत्येकाला त्यांच्याबद्दलचं पान, मराठीत असेल तर सोबत इंग्रजी मजकुरासह, माघारीच्या तारखेआधी पाठवा. उत्तर आलं नाही तर ते पान संमतिपत्रकात जेवढं मान्य झालं होतं तेवढ्यावर आणा. मानधन बाकी असेल तर ते फाइल छपाईला जाण्याआधी पोहोचलं पाहिजे.